मदर मेरी आमच्याकडे मुक्कामाला

१ ऑक्टोबर, बुधवार
आजपासून वही. मानसीची मारिया झाले त्याला तीन वर्षं झाली, पण नियमाने काही होत नाही. आता होणार. सकाळी साडेपाचला उठून नमो मारिया दहा वेळा. दुपारी लेक जेनी झोपली की बायबलचं एक पान. (सातवीपर्यंतच शाळा, वेळ लागतो.) संध्याकाळी रोझरी, माळेवरचा जप. असं केलं की घरात शांती येते, फादर बोलले. शांती आली की बोनी बायकोला मारणार नाही. सोपं आहे.

२ ऑक्टोबर
साडेपाचला उठले. पाणी भरलं, बोनीची एअरपोर्टची ड्युटी, डबा. प्रार्थना राहिली. पाणी भरताना मनात तीन वेळा झाली, ती धरली.

५ ऑक्टोबर, रविवार
चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर. कानावर केस सोडले होते. तरी बाजूच्या खोलीतली नलिनी आंटी बोललीच, कान सुजलाय गं. मी बोलले, कानातलं टोचलं. ती बोलली, कुठलं कानातलं, दिसत तर नाही. ह्या बाईचं प्रार्थनेत लक्षच नसतं.
मुलुंडला आईला फोन लावला. उचलला नाही. ख्रिश्चन झाले तेव्हापासून उचलत नाही. बिझी असेल.

७ ऑक्टोबर
आज मदर मेरी आमच्याकडे. ऑक्टोबरभर मूर्ती आमच्या मरोळच्या वाडीत घरोघर फिरते, एका घरी एक दिवस. वीस माणसं आली, रोझरी झाली, चणे कमी पडले. बोनी शर्ट इन करून सगळ्यांना सरबत देत होता. माणसं गेल्यावर पण काही बोलला नाही. गप झोपला.
मला कळलं. मूर्ती घरात असली की तो मारत नाही. बस. मूर्ती ठेवायची.

८ ऑक्टोबर
पुढचा नंबर फर्नांडिसांचा. त्यांना बोलले, तुमची नाइट ड्युटी, कुठे धावपळ करता, तुमची पाळी मी घेते. लगेच हो बोलले.

१२ ऑक्टोबर, रविवार
सहावा दिवस, मदर इथेच. पाळी द्यायला सगळे तयार. रोज वीस जणांचे चणे शिजवायला कोणाला पाहिजेत? मिस्सानंतर लॉरेन्स अंकल (यादी त्यांच्याकडे) सगळ्यांसमोर बोलले, पोरगी हिंदूंतली, पण भक्ती बघा, शिका जरा. बोनी हसला. बाहेर आल्यावर दंड धरला, बोलला, फार मोठी झाली तू. जोरात नाही धरला.

१४ ऑक्टोबर
ताट फेकलं. पण भिंतीवर. मदरच्या समोरच्या नाही, दुसऱ्या भिंतीवर. म्हणजे मान ठेवतो. सुधारतोय.

१६ ऑक्टोबर
मोरीत मारलं. नळ चालू ठेवून.
नीट विचार केला. चूक माझी. मूर्ती दाराजवळ टेबलावर, तिथून मोरी दिसतच नाही. उचलून फ्रिजवर ठेवली. स्टुलावर चढून मदरच्या डोळ्याला डोळे लावून बघितलं. मोरी दिसते, गॅस दिसतो, खाट दिसते. खाटेमागचा कोपरा तेवढा नाही. तिथे ट्रंक सरकवली. आता उभं राहायला जागाच नाही तिथे. जेनी विचारते, मम्मी काय करते? बोलले, घर लावते.
बायबल: तेच पान, चौथ्यांदा.

१७ ऑक्टोबर
नलिनी आंटीने जिन्यात धरलं. बोलली, नळाच्या आवाजात पण ऐकायला येतं गं. पोरीला घे, माझ्याकडे येऊन राहा. मी बोलले, मदरला सोडून कशी येऊ? ती बोलली, मदरला कोण मारतंय?
मला राग आला. हिला श्रद्धाच नाही.

१८ ऑक्टोबर
काही झालं नाही. फ्रिजवरची जागा बरोबर आहे. नोव्हेंबरमध्ये काय करायचं ते नंतर बघू.

१९ ऑक्टोबर, रविवार
मिस्सावरून आलो. मटणात मीठ जास्त झालं. बोनी उठला. मी फ्रिजला चिकटून उभी राहिले, बरोबर मदरच्या खाली. तो आला. आधी क्रुसाची खूण केली. मग मूर्ती दोन्ही हातांनी उचलली, पडू नये म्हणून सांभाळून, आणि तोंड भिंतीकडे करून परत ठेवली.
मग पट्टा काढला.
जेनी मध्ये आली.

२० ऑक्टोबर
नलिनी आंटीकडे आहे. कालपासून. आम्हाला आत घेतलं तिने, दार लावलं.
काल संध्याकाळी आमच्या खोलीत माणसं आली, रोजच्यासारखी. बोनीने सांगितलं, तिला बरं नाही. लॉरेन्स अंकल बोलले, काळजी घे रे तिची. मग रोझरी सुरू झाली. पाचही दशकं, दहा-दहा नमो मारिया, बोनीनेच सांगितली. इकडे सगळं ऐकायला येत होतं. त्याचा आवाज सगळ्यात मोठा.
मी जेनीच्या पाठीला बर्फ लावत होते. एक पण नमो मारिया तोंडातून निघाली नाही.