ताऱ्यांना चार टोकं

अहो, भाजी कढईत आहे, पोळ्या डब्यात. गरम करून जेवून घ्या.

आपल्या लोधीखेड्याच्या बागेतून काढला म्हणून काल दाखवला तो तेजोमेघाचा फोटो छान आहे. दुर्बिणीतून काय काय बघायचं त्या यादीत त्याच्यापुढे तुम्ही खूणही केली. पण त्यातल्या मोठ्या ताऱ्यांना चार टोकं आहेत. तशी टोकं आरशाच्या दुर्बिणीत येतात. आपली भिंगाची आहे, तिच्यात तारे गोलच येतात. हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

मग फोटो कोणाचा, अन् दर शनिवारी दुर्बीण घेऊन तुम्ही कुठं जाऊन राहिले, हे मी फोनवर विचारणार नाही. आज शनिवार, दुर्बीण घेऊन मीच बागेत चालली. आजही बागेतच जायचं असेल तर या, मी तिथंच आहे.

अपर्णा