साडेसातच्या गाडीचा सत्कार

प्रिय अंकुशदादा,

घरी सगळे बरे आहेत. बोरच्या कॅनॉलले पाणी सुटलं, बाबा चण्यात गुंतले आहेत.

आपली सकाळी साडेसातची वर्ध्याची एसटी बंद व्हायच्या बेतात आहे. डेपोतून ग्रामपंचायतीले पत्र आलं का गाडी रिकामी धावते. खोटं नाई. आमी कॉलेजच्या चार पोरी आणि एखादी दवाखान्याची म्हातारी, बस. तू मोटरसायकल घेतली ती गावातली तिसरी होती. आता अंगणाअंगणात उभी आहे आणि चावी गडीमाणसांच्या खिशात. आमच्यातल्या छायाच्या बाबांनी तर सांगूनच टाकलं, गाडी बंद त्या दिवशी कॉलेज बंद. पोरीची बीएस्सी शेवटच्या वर्षाले येऊन अडकून राह्यली.

मी घरोघरी फिरून दोनशे बारा सह्या गोळा केल्या. कोणीच नाई म्हटलं नाई. डेपोतल्या साहेबांनी कागद पाह्यले आणि म्हणाले, बाई, सह्या सीटवर बसत नाईत. सोमवारी मीच येतो मोजाले.

सरपंच हरिदासकाकांनी लगेच दवंडी दिली का साहेब येऊन राह्यले, सगळ्यांनी स्टँडवर जमायचं. आणि दादा, सगळं गाव जमलं. डफडं, रांगोळी, गाडीच्या चाकाखाली लिंबू, ड्रायव्हर-कंडक्टरले शाल-श्रीफळ. साहेबांले फेटा. हरिदासकाका बोलतच राह्यले, एसटी म्हणजे गावाची माय आहे म्हणून. मागून आनंदाबाई म्हणली, "मायच्या मांडीवर शेवटचा कधी बसला होता रे हरिदास?" बाया खुदुखुदु हसल्या. पंचवीस मिनिटं उशिरा गाडी हलली तेव्हा सगळं गाव हात जोडून खाली उभं, आणि आत साहेब अन् आमी चार पोरी. सत्कार करायच्या नादात बसायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाई. हिंगणीच्या अलीकडे आपल्याच गावच्या सात मोटरसायकली हॉर्न वाजवत पुढे निघून गेल्या. सेलूले कामं होती त्यांची. एकावर हरिदासकाका. साहेब फेटा बांधून खिडकीतून पाहात होते. त्यांनी वहीत चार लिहिलं.

उतरताना म्हणाले, एक महिना देतो.

म्हणून मी परत घरोघरी जाऊन राह्यली. आता सही मागत नाई, दिवस मागते. ज्याच्या घरी मोटरसायकल आहे त्यानं आठवड्यातून दोन दिवस ती अंगणातच ठेवायची. आनंदाबाईनं बाजाराले जाणाऱ्या बाया जमवल्या. काल गाडीत एकोणीस जणं होते. कंडक्टर म्हणे, तिकिटं फाडून हात दुखला.

पण परवा हरिदासकाकांच्या दारात गेली तर ते चारचौघांत म्हणाले, "पोरी, तुझा भाऊ तर तुले स्कूटी घेऊन देऊन राह्यला म्हणे. मंग आमाले काऊन बसवते त्या डब्यात?" तू बाबांले स्पीकरवर सांगतलं ना, ते अख्ख्या आळीनं ऐकलं. मी पुढच्या दारात गेली. त्या दिवशी तीन घरांनी मले चहा दिला, दिवस नाई दिला.

तू म्हणशील, छायाले डबलसीट नेजो. नेईन. मंग बाकी दोघींच्या घरी जाऊन काय सांगू? आणि आमीच गाडीतून उतरलो तर बाजारच्या बाया तरी किती दिवस टिकतील? दादा, शोरूमले फोन करून बुकिंग रद्द करून टाक. मले स्कूटी नको असं नाई. निळा रंग मीच सांगतला होता तुले, आणि वर्ध्याहून स्वतःच्या मनानं, पाहिजे त्या वेळी निघायचं, हे मी कितीदा मनात करून पाह्यलं. बाबांले तू समजव, ते खूश होऊन बसले आहेत. हे फोनवर नाई सांगतलं, कारण तुझा आवाज ऐकला असता तर मी हो म्हणून बसली असती.

तुझीच,
सुरभी