वायरलेसची वेगळी बॅटरी

अहो,

सकाळी बोटीवर जाऊन वायरलेस आणि जीपीएसला वेगळी बॅटरी जोडून आले. सगळं एकाच बॅटरीवर होतं, म्हणून मंगळवारी तुम्ही भर समुद्रात स्टार्टर मारल्यावर वायरलेस बंद पडला. "पुस्तक वाचून कुणी वायरमन होत नाही," म्हणालात. खरंय, म्हणून तीन वाचली. फ्यूज उडाला तर डब्यातला नवा घाला, नेहमीसारखी सिगारेटची चांदी गुंडाळू नका. त्या बॅटरीवर गाणीही लावायची नाहीत.

मी ताईकडे चाललेय. हातातला वायरलेस सोबत आहे, तिच्या गच्चीवर रेंज येते. मंगळवारी चाळीस मिनिटं नुसती खरखर ऐकत बसले होते. आज सहाला आवाज द्या. कालचं भांडण पुढे चालवलंत तरी चालेल.