काळ्या दोऱ्याचा खिळा

संगमेश्वर,
दुपार

प्रिय प्रज्ञेश,

परवा आईचं तेरावं झालं. तू आला नाहीस, आणि तू यावंस असं म्हणायला मला तोंड नव्हतं. रत्नागिरीला मिरकरवाड्याजवळ तू शिकवण्या घेतोस, हे शेजारच्या चिमाकाकूंकडून कळलं. चार वर्षांत मी चारदा गावी आलो, पण रत्नागिरीत पाऊल टाकलं नाही. सुट्टी कमी आहे, असं आईला सांगायचो.

प्रयोगशाळेतलं आपलं मशीन चालू झालंय. चुंबकांच्या दोन रांगा, एक वर, एक खाली, आणि मधल्या बोटभर फटीतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. चुंबक त्यांना आळीपाळीने डावीउजवीकडे वळवतात आणि प्रत्येक वळणावर ते प्रकाश सांडतात. शाळेची मुलं बघायला आली की तू रापणीचं उदाहरण द्यायचास. दोर धरलेल्या सगळ्यांनी एका दमात ओढलं तरच जाळं किनाऱ्याला लागतं, तसे सगळ्या वळणांवरचे प्रकाश एका ठेक्यात मिळाले तरच झोत प्रखर होतो. इलेक्ट्रॉन आपल्याच प्रकाशाच्या मागोमाग पळतो, म्हणून रांगेतल्या एका उत्तरेपासून पुढच्या उत्तरेपर्यंतचं दोन-तीन सेंटिमीटरचं अंतर आकसत आकसत क्ष-किरणाच्या लहरीएवढं होतं, हे ऐकून मुलं आ वासून बघत राहायची. आणि एका चुंबकाचा कोपरा उडाला तर ठेका चुकतो, हेही तूच त्यांना सांगायचास.

चार वर्षांपूर्वी आपल्या चुंबकाचा कोपरा कसा उडाला, ते आज लिहितो. बाबा गेले त्या वर्षी आईने मला काळा दोरा गुंडाळलेला एक खिळा दिला होता. लोखंड आसलं म्हंजे काय जवळ येत नाय, म्हणाली. मी तो खिशात घेऊन फिरायचो, विज्ञान शिकलेला माणूस! हॉलच्या दारात किल्ल्या, पट्टा, घड्याळ सगळं ट्रेमध्ये काढलं, खिळा तेवढा राहू दिला, कारण ट्रेजवळ तू उभा होतास. भूत असेल तर त्याचं वजन किती ते सांग, अशी थट्टा करणारा तू. तुझ्यासमोर तो बाहेर काढायची लाज वाटली. मग तू केबल आणायला गेलास, मी वाकून रुमाल काढला आणि खिळा सुटला. टक्कन चुंबकाच्या कोपऱ्यावर जाऊन बसला. ओढून निघेना. डोकं दुखतंय सांगून मी खोलीवर पळालो. सकाळी खिळा जागेवर नव्हता, आणि हॉल बंद केल्याची सही तुझी होती.

चौकशी समितीला तुझा निष्काळजीपणा चटकन पटला. तुझं आडनाव वाचून इतका चटकन का पटला, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू सारखा माझ्याकडे बघत होतास. मला वाटलं, मदत मागतोयस. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. तुझी नोकरी गेली.

चुंबक बदलला, मोजमापं चोख आली. तरी झोत जरा मंदावला की वाटतं, खिळा आतच आहे. हॉलमध्ये एकटा असलो की पाठीमागे टक्कन वाजतं. वळून बघतो, कोणी नसतं. मला भीती वाटते रे, प्रज्ञेश. सहकाऱ्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही.

काल आईचा शिवणाचा डबा उघडला. तळाशी तो खिळा होता. तोच काळा दोरा, टोकाला चुंबकाच्या चकचकीत मुलाम्याची खपली. चिमाकाकू म्हणाल्या, चार वर्सं झाली, प्रज्ञेश आलावता, पडवीत बसून च्या घेतलान नि खिळा दिलान. विनीतचा ऱ्हायलाय म्हणाला. त्यानंतर आईने निघताना मला कधी लोखंड दिलं नाही. मला वाटायचं, म्हातारी विसरली.

म्हणजे तुझ्या खिशात पुरावा होता. चौकशीत तू मदत मागत नव्हतास. मी आपणहून बोलतो का, ते बघत होतास. आज सकाळी मी संचालकांना सगळं लिहून पाठवलं. त्याची प्रत सोबत आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. खिळाही याच पाकिटात आहे. चौकशीचं बोलावणं आल्यावर मी पुन्हा ग्लासाकडे बघत बसलो, तर या वेळी तो नेऊन द्यायला माझी आई नाही. त्यांच्यासमोर टेबलावर ठेव.

तू राहू दिलंस तर, तुझाच
विनीत