वहाबला मिळालेली माती

मी, अब्दुल सत्तार वल्द रहिमतुल्ला, वय अठ्ठावन्न, धंदा जिनिंगमधला फिटर, राहणार नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहितो. माझा खोकला छातीत आहे, डोक्यात नाही. हे आधीच नोंदवतो, कारण मागाहून कोणीतरी तसे म्हणणारच.

१. माझे राहते घर तीन खणांचे आहे. दोन खण मुलगा मुनव्वर यास. पूर्वेकडचा खण, ओटीसह, माझा मरहूम भाऊ वहाब याची बेवा मेहरुन्निसा हिला कायमचा. शरीयतीप्रमाणे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वसीयत करण्याचा मला हक्क आहे आणि तो मी पुरेपूर वापरतो.

२. मुनव्वर चांगला मुलगा आहे, पण हलक्या कानाचा. माझा चुलतभाऊ इमामुद्दीन याने गावभर उठवले की वहाब मेलाच नाही, बसऱ्याला दुसरा संसार थाटून बसला आहे. तेव्हापासून मुनव्वर म्हणतो, "चाचा जित्ता शे म्हनतस. मंग त्यानीच चाचीले सांभाळाले जोयजे." माझे डोळे मिटताच तिचे बोचके सारंगखेड्याला माहेरी रवाना होईल, हे मला स्वच्छ दिसते. म्हणून हा कागद. इमामुद्दीन यास काही नाही. मयतीला आला तर चहा द्यावा.

३. आता खरे काय ते. काही वर्षांपूर्वी समुद्राचा तळ तपासणाऱ्या एका बोटीवर आम्ही दोघे भाऊ नोकरीला होतो, मी जाळे ओढणाऱ्या यंत्रावर, वहाब इंजिनच्या भट्टीवर. अरबी समुद्रात तो तापाने गेला. नमाज झाली, त्याला कापडात शिवले, पायाशी लोखंड बांधले आणि या हातांनी मी त्याला पाण्यात सोडले. सगळ्यांदेखत रडलो.

दुसऱ्या दिवशी तिथून जवळच जाळे तळाला टेकवून वर ओढले. ऊन रणरणत होते आणि आलेला चिखल माठातल्या पाण्यासारखा गार. त्यात किडे वळवळत होते, काकडीएवढे मऊ प्राणी होते. मी बोटीवरच्या डॉक्टरला विचारले, खाली ऊन नाही, पाला नाही, मग हे खातात काय? त्याने नीट समजावले. पाण्याच्या वरच्या थरात, उन्हात, डोळ्यांना न दिसणारी हिरवळ उगवते. बारीक जीव ती खातात, त्यांना मोठे खातात. त्यांची विष्ठा, मेलेले जीव, सगळे एकमेकांना चिकटते आणि खाली निघते. आमच्या जिनात कापसाची तूस उडून सावकाश बसते, तसेच. वाटेत बहुतेक सगळे दुसरे जीव फस्त करतात. तळाला पोचते ते थोडे, पण खालची सगळी वस्ती त्या थोड्यावर जगते. गांडुळासारखी चिखल गिळते, त्यातले सत्त्व काढून घेते. उरलेले थरावर थर साचत जाते. मी तो चिखल हातात घेतला आणि माझा जीव थाऱ्यावर आला.

४. हत्यारे सगळी जिनातला माझा जोडीदार धुडकू मिस्त्री यास. दोन पाने त्याने आधीच नेले आहेत, ते मोजू नयेत.

५. मेहरुन्निसा एकदा मला म्हणाली, "भाईजान, ज्यासले मूठभर माटी बी नही भेटनी, त्यासना नावनी फातिहा कोठे पढू?" मी म्हणालो, "आपले कबरमा माटीन्या तीन मुठी भेटतीन, मंग लोके घर निंघी जातीन. वहाबवर आजबी माटी पडी ऱ्हायनी. नि तठे जीव जगी ऱ्हायनात." तिने डोळे पुसले. पण उभे कुठे राहायचे, हा तिचा सवाल राहिलाच. तो मी येथे निकालात काढतो.

६. माझी कबर कब्रस्तानाच्या रस्त्याकडच्या भिंतीलगत खणावी. आमच्याकडे बायका आत जात नाहीत, म्हणून दगड रस्त्यावरून दिसेल असा उभा करावा. त्यावर नाव वहाबचे कोरावे. माझे नको. मला माती द्यायला सारी गल्ली येणार आहे, मला दगडाची गरज नाही.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, एक अक्षर बदलायचे नाही.

नंदुरबार, ता. १२ नोव्हेंबर १९३८
सही: अब्दुल सत्तार रहिमतुल्ला

आमच्यासमक्ष सही झाली:
१. शांतीलाल मगनलाल, किराणा दुकानदार
२. इंद्रसिंग करमसिंग गिरासे, शेतकरी

अब्बांनी मजकूर मला वाचून दाखवला. चाची इथेच राहतील. दगडावर मात्र मी दोन्ही भावांची नावे घालणार. त्यावर अब्बांनी खुशाल रागवावे.
मुनव्वर अब्दुल सत्तार