तीन टिंबांपुढचा नियम

३ मार्च, सोमवार
साहेबांनी बोलावलं. चौदाला, शुक्रवारी, कॉम्प्युटरच्या सुरक्षेची तपासणी करणाऱ्या बाई येणार. ऑफिसातल्या दोनशे बारा मशीनना कुठले नियम लावलेत (पासवर्ड किती अक्षरी, डिस्कला कुलूप आहे का, वगैरे) त्याची पूर्ण यादी त्यांना हवीय. नियम सगळे मीच लिहिलेले, दोन वर्षांपूर्वी. यादी नाही मिळाली तर सिस्टिमचं काम बाहेरच्या कंपनीला, आणि मी स्टोअरमध्ये माउस वाटायला. साहेब हे हसत म्हणाले, म्हणून मीही हसलो. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांडची एक ओळ टाइप केली की यादी हजर. अकरा दिवस म्हणजे चैन आहे.
संकल्प: रोज एक तास.
माझं मशीन गेल्या शुक्रवारपासून अपडेट मागतंय. ‘नंतर’ दाबलं.

४ मार्च, मंगळवार
ओळ टाइप केली. उत्तर लाल अक्षरांत: परवानगी नाही. मला! अख्ख्या ऑफिसला परवानग्या वाटल्या मी! साहेबांनी त्यांच्या मोबाइलवर ‘हो’ दाबलं की मिळेल म्हणे. पण मागायची म्हणजे आपल्याकडे नाही हे कबूल करायचं. ते आपणहून विचारतील. थांबतो.
रिसेप्शनवाल्या ताई नव्या लोकांची मशीन नोंदवतात. त्या म्हणाल्या, सिस्टिमच्या वेबसाइटवर यादीखाली डाउनलोडचं बटण असतं की. बटणं कोणीही दाबतं, असं त्यांना समजावलं.
अपडेट: नंतर.

७ मार्च, शुक्रवार, दुपारी
साहेबांनी विचारलं नाही. शेवटी मीच मागितली. त्यांनी डबा खाता खाता ‘हो’ दाबलं. चार सेकंद. असो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, हा आपला स्वभावच नाही.

९ मार्च, रविवार
आज घरून सगळं संपवायचं. बायको म्हणाली, सकाळपासून त्या काळ्या खिडकीकडे नुसता बघतोयस, निदान काहीतरी टाइप तरी कर. विचार चालू होता. मग झोप लागली.

१० मार्च, सोमवार
आली! एकोणीस नियम. पण नुसती नावं. आतला मजकूर हवा तर प्रत्येक नियमाचा छत्तीस अक्षरी नंबर द्यायचा. पहिला नंबर कागदावर उतरवून घेतला, दोन अक्षरं चुकली. आता प्रोग्रॅमच लिहितो. तो एकोणीसही नंबर आपोआप घेईल.
अपडेट: नंतर.

१२ मार्च, बुधवार
प्रोग्रॅम चालला. मजकूर आला. खिडकी अरुंद म्हणून प्रत्येक ओळ शेवटी कापलेली, पुढे तीन टिंबं. उदाहरणार्थ, नियम सतरा: ‘चौदा दिवस अपडेट न केलेलं मशीन…’ पुढे जे असेल ते. मीच लिहिलंय, मला माहीत असणारच. छापून साहेबांना दिलं. त्यांनी विचारलं, ही टिंबं कसली? म्हटलं, स्टँडर्ड फॉरमॅट आहे. त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. म्हणजे पटलं.
खिडकी रुंद करून पुन्हा छापायचं उद्या.
मध्येच अपडेट. ऐन कामात व्यत्यय. नंतर!

१३ मार्च, गुरुवार
खिडकी रुंद केली नाही. फाईलला निळं कव्हर घातलं. उठून दिसतं. आतून काहीच वाटत नाहीये. भीतीसुद्धा नाही. यालाच आत्मविश्वास म्हणत असावेत.

१४ मार्च, शुक्रवार
बाई एकेक ओळ वाचत सतराव्या नियमावर थांबल्या. म्हणाल्या, अपडेट नाही केलं तर पुढे काय होतं? म्हटलं, आत्ता दाखवतो, एका ओळीत. साहेबांच्या केबिनमध्येच माझं मशीन उघडलं. स्क्रीनभर मजकूर: चौदा दिवस अपडेट न केल्याने हे मशीन बंद करण्यात आले आहे. कृपया एक्स्टेंशन ४१७ वर संपर्क साधावा.
वाक्य माझंच. ‘कृपया’ मीच घातलं होतं.
बाई म्हणाल्या, साधा की संपर्क. साहेबांनी ४१७ लावला. भिंतीपलीकडे, माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. बराच वेळ वाजला. आम्ही तिघंही ऐकत बसलो. एकदा वाटलं, पळत जाऊन उचलावा.
मग ताईंना बोलावलं. त्यांनी बटण दाबलं, यादी आली. बाई म्हणाल्या, नियम उत्तम आहेत, कुणी लिहिलेत? साहेब खिडकीबाहेर बघत होते. दोनशे बारापैकी दोनशे अकरा मशीन पास.

१७ मार्च, सोमवार
स्टोअर. जागा शांत आहे. सकाळपासून दोन माउस गेले. बायकोनं शुक्रवारीच विचारलं होतं, झाली का यादी? म्हटलं, झाली. खोटं नाही त्यात काही. बाकीचं सांगायचं राहिलंय.
बाहेरची कंपनी येईपर्यंत ४१७ ताईंकडे. दुपारी त्या माझं मशीन सुरू करायला आल्या. म्हणाल्या, अपडेट आत्ता करू ना?
तोंडातून निघून गेलं, नंतर.
मग त्यांनीच दाबलं. सहा मिनिटांत झालं.