सरांना वाचून दाखवलं

रविवार, संध्याकाळ

प्रोग्राम अखेर चालला, हे सांगायला टेंभुर्णीला सरांकडं गेल्तो. कॉलेजात त्यांनी लॉजिक प्रोग्रामिंग शिकवलं, म्हणजे नियम देऊन संगणकालाच उत्तर शोधायला लावायचं. त्यांना आता दिसत न्हाई, हे तिथं कळलं. इतक्या वर्षांत मी साधा फोनही का केला नसेल?

"वाचून दाखव," सर म्हणाले.

लॅपटॉपवरून वाचलं. यादीतल्या एक, दोन, तीनला कोणतं फंक्शन, म्हणजे कोणती क्रिया, लावलं, की दोन, चार, सहा येतात? प्रोग्रामनं स्वतःच शोधलं: दुप्पट.

"फंक्शन माहीत नसलं तरी प्रोग्रामला शोधू दे, म्हणत होतो मी. तू म्हणायचास, ते कळेपर्यंत त्याला थांबू दे."

"तुमचंच बराबर होतं, सर."

"कुठंय उत्तर?" ते स्क्रीन चाचपू लागले. मी त्यांचं बोट त्या ओळीवर ठेवलं. आधी गेलो असतो, तर त्यांनीच वाचलं असतं.